व्यसनमुक्तीला एक वर्ष द्या : नवी मुंबईच्या दोन्ही आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, नवी मुंबई महानगरपालिका
मा. पोलीस आयुक्त, नवी मुंबई

सविनय नमस्कार.

मी नेरुळमध्ये राहते. वैद्यकीय महाविद्यालयात अनेक वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर अमली पदार्थांच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या मुलांच्या आईवडिलांबरोबर बसते, त्यांचे ऐकते आणि त्यांच्या प्रश्नांना जमतील तशी उत्तरे देते. त्या बोलण्यांतून आणि मेंदूविषयीच्या गेल्या तीसेक वर्षांच्या संशोधनाच्या वाचनातून माझे जे मत बनले आहे, ते आपल्या दोघांपुढे एकाच पत्रातून ठेवते आहे. एकाच पत्रातून अशासाठी, की व्यसनात सापडलेला तरुण कधी आधी पोलीस ठाण्यात पोहोचतो आणि मग रुग्णालयात, कधी याच्या उलट. आणि दोन्हीकडची माणसे आपापले काम चोख करत असली, तरी दोघांच्याही कामाची मुदत संपल्यानंतरचा काळ कोणाच्याच वाट्याला आलेला नसतो.

माझे म्हणणे असे आहे. कोकेनचे व्यसन मेंदूच्या एखाद्या ठिकाणी बसलेले नसते, ते मेंदूच्या निरनिराळ्या भागांमधील परस्परसंबंधांत झालेल्या बदलांत असते. शरीरातून कोकेन काही दिवसांत निघून जाते, हे बदल मात्र महिनोनमहिने टिकतात, आणि त्यातले काही तर व्यसन सोडल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत अधिक ठळक होतात. म्हणून व्यसनमुक्ती केंद्रातून घरी पाठवणे हा उपचारांचा शेवट मानणे शास्त्राला धरून नाही. उपचारांची मुदत एक वर्षाची असावी, आणि ती तशी ठरवण्याचे अधिकार बऱ्याच अंशी आपल्या दोघांच्या हातात आहेत.

कोकेनबद्दलच का लिहिते, असे आपल्या मनात येऊ शकेल. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयोगटातील सुमारे ०.१ टक्के लोक कोकेन घेत असल्याचे आढळले, तर दारू घेणाऱ्यांचे प्रमाण १४.६ टक्के होते. आपल्या भागात पोलिसांना आणि पालकांनाही एमडी (मेफेड्रोन हा उत्तेजक अमली पदार्थ) अधिक परिचयाचे आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु आपले शहर बंदराच्या कुशीत आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावा शेवा येथे दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या सफरचंदांच्या पेट्यांत दडवलेले सुमारे ५० किलो कोकेन पकडले, आणि त्याच्या काही दिवस आधी वाशीत अडवलेल्या संत्र्यांच्या ट्रकमध्ये १९८ किलो मेथॅम्फेटामिन या उत्तेजक अमली पदार्थाबरोबर ९ किलो कोकेन सापडले होते. हा सगळा माल आपल्याच शहरात विकला जाणार होता असे मी म्हणत नाही; पण तो आपल्या रस्त्यांवरून जातो, एवढे खरे. दुसरे कारण शास्त्रीय आहे. उत्तेजक पदार्थांच्या व्यसनात मेंदूतील जोडणी कशी बदलते याचा जेवढा अभ्यास कोकेनच्या बाबतीत झाला आहे, तेवढा एमडीच्या बाबतीत झालेला नाही. एमडीदेखील डोपामाइनच्याच यंत्रणेला हात घालते, त्यामुळे कोकेनविषयीचे ज्ञान आपल्याला दिशा दाखवते. मात्र ते जसेच्या तसे एमडीला लागू करू नये, एवढी काळजी घ्यावी लागेल.

आता मूळ विषयाकडे येते. चेतापेशी एकमेकींना स्पर्श करत नाहीत. त्यांच्यामध्ये सूक्ष्म फट असते आणि त्या फटीत रसायने सोडून त्या परस्परांना निरोप देतात. डोपामाइन हे असेच एक रसायन. ते फटीत आले, त्याने निरोप पोहोचवला, की पाठवणारी पेशी विशिष्ट वाहक प्रथिनांच्या मदतीने ते परत आत ओढून घेते. कोकेन नेमके हे वाहक अडवते. मग डोपामाइन फटीतच साचत राहते, आणि मेंदूच्या खोल भागातील न्यूक्लियस अक्युम्बन्स या केंद्रात निरोप थांबतच नाही. नोरा व्होल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये पेट स्कॅनच्या (मेंदूतील रसायनांचे काम दाखवणाऱ्या चित्रणाच्या) साहाय्याने दाखवले, की निदान ४७ टक्के वाहक अडवले गेल्यावर माणसाला नशा जाणवते आणि व्यसनी माणसे एरवी घेतात तेवढ्या मात्रेत ६० ते ७७ टक्के वाहक अडवले जातात. डोपामाइनला आनंदाचे रसायन म्हणण्याची पद्धत पडली आहे. ते पुरेसे नाही. ‘हे महत्त्वाचे आहे, हे कुठे आणि कसे मिळाले ते लक्षात ठेव, पुन्हा तिकडेच जा’ असा त्याचा निरोप असतो, आणि हा निरोप स्मरणाच्या, भावनांच्या, हालचालींच्या आणि निर्णयाच्या केंद्रांपर्यंत जातो. व्यसन एका केंद्रापुरते राहत नाही, त्याचे कारण हे आहे.

केंद्रांमधील हे नाते मोजण्याची रीत तुलनेने नवी आहे. १९९० च्या सुमारास रक्तातील प्राणवायूच्या बदलांवरून मेंदूच्या कामाची चित्रे घेणारे फंक्शनल एमआरआयचे तंत्र आले. १९९५ मध्ये भरत बिस्वाल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक अनपेक्षित गोष्ट नोंदवली : माणूस काहीही न करता यंत्रात नुसता पडून असतानाही मेंदूच्या डाव्या आणि उजव्या बाजूंची हालचालींची केंद्रे एकाच लयीत, सावकाश, कमीजास्त सक्रिय होत राहतात. त्या आधी अशा चढउतारांकडे यंत्रातला गोंगाट म्हणून दुर्लक्ष होत असे. ट्रान्स-हार्बर मार्गाचे उदाहरण घ्या. ठाणे आणि वाशी या दोन स्थानकांवरची गर्दी दिवसभर एकाच लयीत वाढते-घटते असे दिसले, तर मधले रूळ न पाहताही त्यांच्यात वाहतूक चालू आहे हे आपण ओळखू. रूळ म्हणजे मेंदूतील मज्जातंतूंचे जुडगे, आणि गर्दीची जुळलेली लय म्हणजे ज्याला शास्त्रज्ञ कार्यात्मक जोडणी म्हणतात ती. रूळ शाबूत असतानाही लय बिघडू शकते, आणि कोकेनच्या व्यसनात दोन्ही प्रकारचे बिघाड आढळले आहेत.

एकाच वेळच्या कोकेनचाही या लयीवर परिणाम होतो, हे २००० साली दिसून आले; कोकेन शिरेतून दिल्यानंतर दृष्टीच्या आणि हालचालींच्या प्राथमिक केंद्रांमधील जोडणी कमी झाली होती. दीर्घकाळ घेणाऱ्यांची चित्रे अधिक बोलकी आहेत. २०१० मधील एका अभ्यासात मध्यमेंदूतील डोपामाइनच्या उगमापासून भावना आणि निर्णयाच्या केंद्रांकडे जाणाऱ्या मंडलांमध्ये जोडणी क्षीण झालेली आढळली. २०११ मध्ये मेंदूच्या डाव्या आणि उजव्या गोलार्धांतील समान भागांचा ताळमेळ कमी झाल्याचे दिसले. आणि त्याच्याही आधी, २००५ मध्ये, दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसम या जाड पट्ट्याच्या पुढच्या भागातील तंतूंची घडण विस्कळीत असल्याचे आणि ती जेवढी विस्कळीत तेवढा माणसाचा उतावळेपणा अधिक असल्याचे नोंदले गेले होते.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो २०१५ मधील अभ्यास. मेंदूच्या खोल भागातील स्ट्रायटम हे सवयींचे आणि बक्षिसांचे केंद्र. ते पुढच्या मेंदूशी अनेक मार्गांनी जोडलेले असते. त्यातला एक मार्ग चूक ओळखून स्वतःला आवरण्याशी संबंधित भागाकडे जातो, आणि दुसरा एखाद्या गोष्टीचे मोल ठरवणाऱ्या, डोळ्यांच्या वर असलेल्या भागाकडे. कोकेनच्या व्यसनात पहिल्या मार्गावरची जोडणी कमी आणि दुसऱ्या मार्गावरची जास्त आढळली. आणि ज्यांचे कोकेन घेणे अधिक अनावर, त्यांच्यात हा असमतोल अधिक. म्हणजे व्यसनात मेंदू सरसकट दुबळा होत नाही. पदार्थाचे मोल ठरवणारा दुवा बळकट होतो आणि थांबवणारा दुवा सैल पडतो. ‘कॉलेजात तर हुशार होता, हिशेब चोख करायचा, मग एवढी साधी गोष्ट का कळत नाही?’ असे वडील विचारतात, तेव्हा त्यांना द्यायचे उत्तर इथे आहे. त्याला कळते. कळलेले वळण्यासाठी ज्या मार्गाने पोहोचावे लागते, तो मार्ग क्षीण झाला आहे.

या निष्कर्षांच्या मर्यादाही आपल्यासमोर ठेवणे माझे कर्तव्य आहे. बहुतेक अभ्यासांत सहभागी झालेल्यांची संख्या लहान आहे. कोकेन घेणारे बहुधा सिगारेट आणि दारूही घेतात, त्यामुळे कोणता परिणाम कशाचा हे वेगळे काढणे कठीण जाते. आणि काही अभ्यासांत ज्या दुव्यांची जोडणी कमी दिसली, त्याच दुव्यांची इतर अभ्यासांत वाढलेली दिसली. बिघाड व्यसनाने झाला की आधीपासून होता, हाही प्रश्न उरतो. केंब्रिजच्या कॅरन अर्श यांनी २०१२ मध्ये उत्तेजक पदार्थांचे व्यसन असलेल्या ५० जणांबरोबर त्यांच्या व्यसन नसलेल्या सख्ख्या भावंडांचीही तपासणी केली, तेव्हा स्वतःला आवरण्यातली अडचण आणि मेंदूच्या घडणीतले काही फरक दोघांतही आढळले. काहींचा मेंदू आधीपासूनच अधिक जोखमीचा असतो, असा याचा अर्थ; पण तशाच मेंदूची भावंडे व्यसनापासून दूर राहिली होती, हेही त्याच अभ्यासातून दिसते, आणि ते मला पालकांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. आणखी एक गोष्ट : हे सारे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. एखाद्या मुलाच्या मेंदूचे चित्र काढून ‘हा व्यसनी आहे’ किंवा ‘हा बरा झाला’ असे आज कोणालाही सांगता येत नाही. मेंदूच्या रंगीत चित्रांच्या आधारे असे दावे करून कोणी पैसे घेत असेल, तर महापालिकेच्या आरोग्य विभागाने त्याची चौकशी करावी.

आता काळाविषयी, कारण माझी मुख्य विनंती त्यावर उभी आहे. पालकांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. महिनाभर केंद्रात राहिला, अंगावर मांस चढले, झोप सुधारली, स्वतःहून म्हणाला की आता आठवणसुद्धा येत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पुन्हा सुरू झाले. मग तो खोटे बोलत होता का? मला वाटते, त्यातली पुष्कळ मुले खरे बोलत होती. १९९३ मधील एका अभ्यासात कोकेन सोडल्यानंतर तीन-चार महिन्यांनीही मेंदूतील डोपामाइन स्वीकारणाऱ्या एका प्रकारच्या ग्राहींची संख्या कमीच होती, आणि ती जिथे कमी तिथे पुढच्या मेंदूचे काही भाग मंदावलेले होते. २००१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले, की कोकेन बंद केल्यावर त्याची आठवण करून देणाऱ्या खुणांना मिळणारा प्रतिसाद आठवड्यांगणिक कमी होण्याऐवजी वाढत जातो. माणसांच्या बाबतीत हे दाखवणारा अभ्यास २०१६ मध्ये आला. दोन दिवस, एक आठवडा, एक महिना, सहा महिने आणि एक वर्ष कोकेनपासून दूर असलेल्या लोकांना कोकेनशी संबंधित चित्रे दाखवून त्यांच्या मेंदूतील विद्युतलहरी मोजल्या गेल्या. विचारल्यावर तलफ किती वाटते याचे जे उत्तर लोकांनी दिले, ते काळाबरोबर कमी कमी होत गेले. मेंदूचा प्रतिसाद मात्र आधी वाढला, एक महिना ते सहा महिने या काळात सर्वाधिक राहिला, आणि एक वर्ष झालेल्यांमध्ये उतरलेला दिसला. हे पाच वेगवेगळे गट होते, त्याच माणसांचा वर्षभर पाठलाग केलेला नव्हता, हे लक्षात ठेवूनही या निष्कर्षाचे वजन मोठे आहे. ज्या काळात मुलगा मनापासून म्हणतो ‘मी आता ठीक आहे’, घरचे विश्वास ठेवतात आणि केंद्राचे कागद बंद होतात, त्याच काळात त्याचा मेंदू त्या पदार्थाच्या खुणांना सर्वाधिक संवेदनशील असतो.

खुणा म्हणजे काय, याची व्याप्ती आपण कमी लेखतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ॲना रोझ चाइल्ड्रेस यांनी २००८ मध्ये कोकेनच्या रुग्णांना कोकेनशी संबंधित चित्रे केवळ ३३ मिलिसेकंदांसाठी दाखवली. एवढ्या वेळात आपण काय पाहिले हे माणसाला सांगताही येत नाही, तरी भावनांशी संबंधित खोल केंद्रे सक्रिय झाली. विशिष्ट इमारतीचा जिना, पाम बीच मार्गावरचे एखादे वळण, पगाराचा दिवस, एखाद्या मित्राचा फोनवर उमटलेला क्रमांक, यांतले काहीही खूण होऊ शकते. या कारणाने मला व्यसनविरोधी फलकांविषयी आपल्याला कळकळीने सांगायचे आहे. अशा फलकांवर सर्रास पांढरी पूड, काचेवर ओढलेल्या रेघा, गुंडाळलेली नोट आणि सिरिंज यांची चित्रे असतात. ज्याने कधी घेतले नाही, त्याला ती भीती दाखवतात असे आपण समजतो. परंतु ज्याला सोडून दोन महिने झाले आहेत आणि जो बसच्या खिडकीतून तो फलक क्षणभर पाहतो, त्याच्या मेंदूला ती चित्रे पदार्थाची आठवण करून देतात. शहरात यापुढे लागणाऱ्या प्रत्येक फलकावरून, शाळा-महाविद्यालयांतील प्रत्येक सादरीकरणातून पदार्थाची आणि साधनांची चित्रे काढून टाकावीत. त्याजागी १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा आणि १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत असावा. याला कोणताही खर्च नाही.

जोडणीवरून पुढचे काही सांगता येते का, यावरही काम झाले आहे. २०१४ मधील एका अभ्यासात उपचारानंतर महिनाभरातच पुन्हा कोकेनकडे वळलेल्या लोकांमध्ये अमिग्डाला हे भावनांचे केंद्र आणि पुढच्या मेंदूचा मधला भाग यांच्यातील जोडणी क्षीण आढळली होती. २०१९ मध्ये येल विद्यापीठातील सारा यिप यांच्या गटाने संपूर्ण मेंदूच्या जोडणीच्या नकाशावरून उपचारकाळात कोण कितपत दूर राहील याचा अंदाज बांधून दाखवला, आणि त्यात एकाच केंद्राचा वाटा नव्हता, अनेक जाळी गुंतलेली होती. हे तंत्र आपल्या रुग्णालयांत आणा असे मी म्हणत नाही. माझा मुद्दा असा, की पुन्हा घसरण्याचे मूळ निश्चयाच्या कमतरतेत शोधण्याऐवजी या दुव्यांच्या अवस्थेत शोधले पाहिजे, आणि दुवे शपथेने दुरुस्त होत नाहीत.

ते दुरुस्त होतात का? काही अंशी होतात, आणि हेच या संशोधनातले आशेचे स्थान आहे. २०१७ मध्ये उपचार घेणाऱ्या कोकेनच्या रुग्णांचे सुमारे सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय केले गेले, तेव्हा निर्णयाशी संबंधित पुढच्या मेंदूच्या काही भागांतील करड्या द्रव्याचे, म्हणजे चेतापेशींनी भरलेल्या थराचे, घनफळ वाढलेले आढळले. कोकेनच्या व्यसनासाठी मान्यताप्राप्त असे एकही औषध आज उपलब्ध नाही, त्यामुळे सारी भिस्त समुपदेशनावर आणि दैनंदिन वर्तन बदलण्याच्या पद्धतींवर आहे. त्यांतली सर्वांत परिणामकारक पद्धत अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी १९९० च्या दशकात विकसित केली : आठवड्यातून तीनदा लघवीची तपासणी, आणि प्रत्येक स्वच्छ अहवालाला लगेच मिळणारे छोटे कूपन, जे उपयोगाच्या वस्तूंसाठी वापरता येते. १९९४ च्या त्यांच्या अहवालानुसार कूपन मिळणाऱ्यांपैकी ७५ टक्के रुग्णांनी २४ आठवड्यांचे उपचार पूर्ण केले, न मिळणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांनी. व्यसनी माणसाला बक्षीस कशाला, असे आपल्याकडे म्हटले जाईल. ज्या मेंदूत मोल ठरवण्याची यंत्रणा एकाच पदार्थाला चिकटून बसली आहे, तिला दुसऱ्या गोष्टींचे मोल ओळखायला शिकवावे लागते. आणि सुरुवातीला ते मोल लगेच हातात पडणारे असावे लागते, कारण वर्षानंतरची नोकरी किंवा आईवडिलांचे समाधान त्या मेंदूपर्यंत पोहोचत नाही.

आपल्या दोन कार्यालयांना जोडणारा धागा कायद्यातच आहे. एनडीपीएस या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम २७ प्रमाणे कोकेनचे सेवन हा एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा असलेला गुन्हा आहे. त्याच कायद्याचे कलम ६४-अ सांगते, की सेवनाचा किंवा अल्प प्रमाण (कोकेनसाठी २ ग्रॅम) बाळगण्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने शासनाच्या अथवा स्थानिक प्राधिकरणाच्या, किंवा त्यांनी मान्यता दिलेल्या, रुग्णालयात उपचार घेत असेल, तर तिच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालवला जाणार नाही. स्थानिक प्राधिकरण म्हणजे, मा. महापालिका आयुक्त, आपण. आणि ही सवलत कुटुंबाला पहिल्याच दिवशी, मराठीत, कागदावर समजावून सांगू शकेल असे ठिकाण म्हणजे, मा. पोलीस आयुक्त, आपले पोलीस ठाणे. मला भेटणाऱ्या पालकांपैकी फार थोड्यांना हे कलम माहीत असते. ज्यांना माहीत नसते, ते भीतीपोटी मुलाला गावी पाठवतात, खोलीत कोंडतात, कुठेही उपचाराला नेत नाहीत. आणि जोखमीचे महिने असेच निघून जातात.

या कलमाला एक अट आहे : उपचार पूर्ण केले नाहीत तर ही सवलत काढून घेता येते. उपचार पूर्ण होणे म्हणजे काय, हा प्रश्न इथे कळीचा होतो. महिनाभर भरती राहणे म्हणजे पूर्ण, असे मानले तर जोखमीचे सहा महिने उपचाराबाहेर पडतात. आणि मधे एकदा घसरला म्हणजे उपचार मोडले, असे मानले तर घसरलेला मुलगा ते लपवेल. जो लपवतो तो समुपदेशकाकडे येत नाही, आणि मग त्याच्याकडे उरतो तो केवळ तोच मित्र आणि तोच जिना. मेंदूच्या अवस्थेविषयी आज जे ठाऊक आहे, त्याच्या आधारे मी आपल्याला असे सुचवते, की महापालिकेच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी उपचारांचा कालावधी लेखी स्वरूपात एक वर्षाचा ठरवावा, त्यात पहिला महिना शारीरिक स्थैर्याचा आणि उरलेले अकरा महिने बाह्यरुग्ण पाठपुराव्याचे असावेत, आणि या वर्षात पुन्हा सेवन झाले तरी रुग्ण ठरलेल्या भेटींना येत असेल तोवर उपचार चालू आहेत असेच पोलिसांना कळवले जावे. विक्रेत्यांवरील कारवाईशी याचा काही संबंध नाही. ती पूर्ण कठोरतेने चालू राहावी, हे सांगण्याची गरज नसावी.

पाठपुराव्याचे मोल महाराष्ट्राला नवे नाही. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने केंद्रातून घरी गेलेल्या माणसाला आणि त्याच्या कुटुंबाला पुढेही भेटत राहण्याची रीत मेंदूची ही चित्रे उपलब्ध होण्याच्या कितीतरी आधी रुजवली. आपल्याकडे वाशी, नेरुळ आणि ऐरोली येथे महापालिकेची रुग्णालये आहेत. त्यांपैकी प्रत्येक ठिकाणी आठवड्यातून दोन संध्याकाळी, कामावरून आणि महाविद्यालयातून सुटल्यावर येता येईल अशा वेळी, पाठपुरावा बाह्यरुग्ण विभाग चालू असावा. तिथे एक मानसोपचारतज्ज्ञ, दोन प्रशिक्षित समुपदेशक आणि लघवी तपासणीची सोय असली तरी पुरे. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय गंभीर रुग्णांसाठी आधार आहे, पण नेरुळच्या किंवा उलव्याच्या मुलाने वर्षभर दर आठवड्याला तिथे जावे अशी अपेक्षा धरणे व्यवहार्य नाही. अंतर वाढले की भेटी गळतात. पहिल्या सहा महिन्यांत दर आठवड्याला भेट, आणि रुग्ण आला नाही तर दुसऱ्याच दिवशी समुपदेशकाचा फोन, एवढे पथ्य पाळले गेले तरी पुष्कळ साधेल. तो फोन पोलिसांचा असू नये.

गोपनीयतेबद्दल एवढेच सांगते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या व्याख्येत अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे, आणि त्याच कायद्याचे कलम २३ रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क देते. सेवन करताना सापडलेल्या मुलांची नावे किंवा छायाचित्रे प्रसिद्धीला देऊ नयेत आणि महाविद्यालयांना परस्पर कळवू नयेत. शिक्षण आणि काम सुटले, की मोल देण्यासारखे जे थोडे उरलेले असते तेही त्याच्या हातून जाते.

दरवर्षी २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन पाळला जातो, मिरवणुका निघतात, शपथा घेतल्या जातात. त्या होऊ द्याव्यात. परंतु येत्या अर्थसंकल्पात तिन्ही रुग्णालयांतील पाठपुरावा विभागांसाठी समुपदेशकांची पदे मंजूर करावीत आणि कलम ६४-अ ची माहिती देणारे एक पानी मराठी पत्रक प्रत्येक पोलीस ठाण्यात ठेवावे, अशी माझी आपल्या दोघांना विनंती आहे. त्या पत्रकाचा मसुदा करून देण्यास, तसेच समुपदेशकांसाठी आणि पोलीस कर्मचाऱ्यांसाठी व्यसन आणि मेंदू या विषयावर विनामोबदला प्रशिक्षणवर्ग घेण्यास मी तयार आहे. आपण दोघांनी एकत्र वेळ दिल्यास प्रत्यक्ष भेटून तपशील मांडीन.

कळावे,

आपली विश्वासू,
शरीरक्रियाशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका
नेरुळ, नवी मुंबई